मांडवदिव्याची चौथी हंडी

मी बोलतोय म्हणून दचकू नका. जरा वर बघा. छताच्या कडीला साखळीनं टांगलेला, चार हातांचा पितळी दिवा दिसतोय ना, तो मी. वय शंभराच्या आसपास असेल. एवढी वर्षं माणसांच्या डोक्यावर लटकून त्यांचं बोलणं ऐकत आलो, पण कधी चकार शब्द काढला नाही. आता मात्र बोलणार आहे, आणि गोड बोलणं मला जमेलसं वाटत नाही.

आमचं गाव बिदर जिल्ह्यात, मुडबीच्या अलीकडं, ओढ्याच्या काठावर. इथली माणसं घरात मराठी बोलतात, बाजारात कानडी बोलतात आणि भांडायला लागली की दोन्ही वापरतात. मी राहतो श्रीपतरावांच्या बैठकीत. श्रीपतराव तुरीचे आडत व्यापारी, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. निदान मी तरी तसंच समजत होतो.

माझा जन्म कुठला ते मला धड सांगता येत नाही. बुडावर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती, ती चिंचेनं आणि राखेनं घासून घासून गेली. सिकंदराबादच्या छावणीत कुणा साहेबाच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, त्यात मी होतो. श्रीपतरावांचे आजोबा बळवंतराव तेव्हा निजामाच्या राज्यात तुरीची खरेदी-विक्री करायचे. त्यांनी मला उचललं, रेल्वेनं बिदरला आणलं आणि तिथून कडब्यात गुंडाळून बैलगाडीनं गावात.

माझी घडण सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलंय. मधे पितळेचं गोल बूड, त्यातून निघालेले चार वाकडे हात. प्रत्येक हाताच्या टोकाला एक कडं आणि त्या कड्यात तीन बारीक स्क्रूंनी धरलेली दुधी काचेची हंडी. हंडीची किनार लाटेसारखी वळवलेली, रंगानं डाळिंबी. आधी आत रॉकेलच्या बत्त्या होत्या. गावात वीज आली तेव्हा माझ्या पोकळ हातांतून वायर ओवली आणि बत्त्यांच्या जागी बल्ब आले.

बळवंतरावांनी मला नुसतं घरात मिरवलं नाही, एवढं त्यांच्याबद्दल चांगलं बोललं पाहिजे. गावात कुणाकडं लग्न निघालं की ते म्हणायचे, "आमचा दिवा घेऊन जावा." नवरा असो की नवरी, हळद लागायची ती माझ्या खाली. त्यातूनच मला मांडवदिवा म्हणायला लागले. त्यांनी एक रीत घालून दिली होती. दिवा एकटा पाठवायचा नाही. दिव्यासोबत आपल्या घरातली सुवासिनी जाणार, तिथली यजमानीण दोघांना ओवाळणार, आणि दिव्यासोबत आलेलं माणूस त्या मांडवात जेवल्याशिवाय परत फिरणार नाही. नुसता दिवा दिला की घेणाऱ्याला मागून आणल्यासारखं वाटतं, आपलं माणूस त्याच्या पंक्तीला बसलं की वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. किती शहाणा विचार होता हा! त्यानंच पुढं घात केला.

श्रीपतरावांच्या पत्नी वच्छलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून माझ्यासोबत त्याच जायच्या. काठापदराचं लुगडं नेसून, पुढं मी, मागं त्या. किती मांडव आम्ही दोघांनी पाहिले त्याची गणती नाही. जेवून निघताना त्या प्रत्येक ठिकाणी वरणाला नाव ठेवायच्या, पण जेवायच्या मात्र पोटभर.

गावाच्या ओढ्यापलीकडं एक आळी आहे. पूर्वी तिथली माणसं मेंढरं राखायची, अजूनही सगळे तिला मेंढक्यांची आळीच म्हणतात. आता कुणी थोडीफार शेती करतं, कुणी गवंडीकाम, बायका खुरपणीला जातात. त्या आळीतही लग्नं व्हायचीच. पण मी कधी ओढा ओलांडला नाही. त्यांनी मागितलं नाही, यांनी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. उजेड देणाऱ्याला स्वतःच्या सावलीतलं दिसत नाही, असं म्हणून मी सुटू शकत नाही. मला दिसायला हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात श्रीपतरावांच्या मुलाचा, बंटीचा साखरपुडा झाला. डीजे बोलावला होता. गरगर फिरणारा हिरवा लेझरचा लाइट कुठं बांधायचा यावर बरीच चर्चा झाली आणि बंटीनं तो माझ्या हाताला बांधला.

"पितळ हाय, कायबी होत न्हाई," तो म्हणाला.

पहिल्याच गाण्याला भिंती हादरायला लागल्या. दुसऱ्या गाण्याला ते सगळं ओझं खाली आलं. माझा एक हात वाकला, कडं तुटलं आणि हंडीचा चुरा पेढ्यांच्या ताटात पडला.

वच्छलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. लग्न दीड महिन्यावर आलेलं. "फुटक्या दिव्याखाली माझ्या लेकराला हळद लावायची न्हाई," त्या म्हणाल्या. दुसरा दिवा आणू म्हटलं तर तेही चालेना. सासऱ्यांच्या बापाचा दिवा, त्याच्याखाली घरातल्या सगळ्यांना हळद लागलेली.

मग माझ्यासाठी सुटे भाग शोधणं सुरू झालं. बसवकल्याणच्या इलेक्ट्रिकच्या दुकानदारानं प्लॅस्टिकची शेड दाखवली. बंटीनं मोबाईलवरून एक काच मागवली. फोटोत ती अगदी माझीच वाटत होती, घरी आल्यावर तिचा गळा अर्धा इंच मोठा निघाला. गळा मोजायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी श्रीपतरावांनी सिद्धूला बोलावलं.

सिद्धू ओढ्यापलीकडचाच. मन्नाएखेळ्ळीत हायवेला त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या बोअरच्या मोटारी तो पुन्हा गुंडाळून देतो. पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. वडील लवकर गेले, आई रेणुकाबाई वच्छलाबाईंच्याच रानात खुरपायला जाते, आणि एक धाकटी बहीण, भाग्यलक्ष्मी.

त्यानं मला कडीवरून उतरवलं, मांडीवर घेतलं आणि तुटलेल्या कड्यातला स्क्रू फिरवून पाहिला. "ह्याचे आटे आताच्या कुठल्याच स्क्रूला जुळत न्हाईत, मालक. हंडीचा गळा सव्वातीन इंची हाय, तोबी आता कुणी काढत न्हाई. शोधावं लागंल."

"शोध की मग. काय लागंल ते देतो," श्रीपतराव म्हणाले.

"पैसे नगं, मालक." सिद्धू खाली बघतच बोलला. "बंटीअण्णाच्या लग्नानंतर आठव्या दिवशी भाग्याची हळद हाय. ह्यो दिवा आमच्या मांडवात लागू द्या. रीतीनं."

बैठकीत दोन-चार माणसं होती. श्रीपतरावांनी त्यांच्याकडं एकवार पाहिलं आणि म्हणाले, "व्हय की, त्यात काय! दिवा गावाचा हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही त्या क्षणी श्रीपतरावांचा अभिमान वाटला. आज तो आठवला तरी पितळ तापतं.

मी सिद्धूच्या दुकानात मोटारींच्या मधोमध टांगला गेलो. पहिल्याच आठवड्यात भाग्यलक्ष्मी मला बघायला आली. बिदरला नर्सिंग शिकलेली, तिथंच एका दवाखान्यात नोकरी करणारी हुशार मुलगी. तिनं ओढणीच्या टोकानं माझा हात पुसला.

"लहान होतो तवा वढ्याच्या ह्या कडंला उभारून बघायचो आम्ही," ती भावाला म्हणाली. "तिकडं मांडवात हे दिवे लागायचे. मी आईला विचारायची, आपल्याकडं कामून येत न्हाई? तर आई म्हणायची, झोप आता."

"आता येतोय न्हवं," सिद्धू म्हणाला.

ती हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. एवढी मोठी, कमावती मुलगी, आणि तिला माझं एवढं काय वाटावं! तिला माझं काही वाटत नव्हतं, हे मला नंतर कळलं. तिला आपल्या मांडवात माणूस यायला हवं होतं.

सिद्धूनं माझा वाकलेला हात सोडवून पिशवीत घातला आणि तो फिरायला लागला. हात माझाच, त्यामुळं जे पाहिलं ते मीच पाहिलं. कलबुर्गीच्या भंगारवाल्यांकडं त्यानं अख्खा दिवस जुने पंखे, जुनी मीटरं उलटीपालटी केली. बिदरमध्ये बिदरीकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेला. त्यानं स्क्रू डोळ्याशी धरला आणि मान हलवली.

"ये चूडी का स्क्रू अब नै मिलता मियाँ. कायकू इत्ता परेशान होरे?"

"बहन की शादी है, उस्ताद," सिद्धू म्हणाला.

म्हाताऱ्यानं त्याला माझं एक चांगलं कडं घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या चांगल्या कड्यावरून वाळूत साचा काढून नवं कडं ओतून दिलं. स्क्रू मात्र भंगारातल्या एका जुन्या वीजमीटरमध्ये सापडले. तीन पितळी स्क्रू, आटे तंतोतंत माझे. सिद्धू दुकानात एकटाच होता, तरी मोठ्यानं "आईशप्पथ!" म्हणाला.

राहिली हंडी. तिच्यासाठी तो हैदराबादच्या जुमेरात बाजारात लागोपाठ तीन गुरुवार गेला. दुकान बंद ठेवून जायचं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या शिव्या खायच्या, कारण बोअर बंद पडलेला शेतकरी दम धरत नाही. तिसऱ्या गुरुवारी फुटक्या बशांच्या ढिगाखाली एक दुधी हंडी निघाली. गळा सव्वातीन इंची. किनार तेवढी डाळिंबी नव्हती, फिकट निळी होती. येताना बसमध्ये त्यानं ती मांडीवर घेतली आणि शेजारच्यानं कितीदा सांगितलं तरी वर रॅकवर ठेवली नाही.

बंटीच्या हळदीला माझे चारही बल्ब लागले. वच्छलाबाईंनी निळी किनार बघून नाक मुरडलं, पण फोटोत कळत नाही म्हणून गप्प बसल्या. सिद्धू आला होता, रेणुकाबाई आणि भाग्यलक्ष्मीही आल्या होत्या. तिघंही शेवटच्या पंगतीला जेवली. आपल्या घरी कुणाला वाढायला कुणाची ना नसते. अडतं ते त्याच्या घरी जाऊन पानावर बसायला.

लग्नानंतर सहाव्या दिवशी सिद्धू आठवण द्यायला आला. "परवा सकाळी हळद हाय, मालक. वच्छलाअक्कास्नी घेऊन या."

"पाठवतो की," श्रीपतराव म्हणाले. येतो म्हणाले नाहीत. सिद्धूला तो फरक कळला असावा, कारण तो उंबऱ्यात क्षणभर थांबला. मग चपला घालून गेला.

तो गेल्यावर वच्छलाबाई आतून बाहेर आल्या. "म्या न्हाई जायची तिकडं जेवायला."

"तुला कुणी जा म्हणलंय?"

"मग दिव्यासंगं कोण जायलंय? रीत हाय ती."

"रीत आपलीच हाय न्हवं? आपण म्हणू तशी. दिवा ट्रॅक्टरमंदी घालून देऊ. महादेवप्पा टाकून यील."

मला वाटलं, वच्छलाबाई आता तरी काही बोलतील. तुरीच्या खुरपणीला या दोघी बांधावर शेजारी बसतात, रेणुकाबाईच्या फडक्यातली शेंगांची चटणी या आपल्या भाकरीवर घेतात आणि वर "अजून घाल गं रेणुके" म्हणतात. हे मी त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकलंय. त्यांना ते आठवलंच. पण आठवलं ते असं:

"रानातलं येगळं. मांडवात चार लोकं बघतात. नव्या सुनेच्या माहेरापर्यंत जातंय मग."

झालं. एवढ्यावर मिटलं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुणाला कमी लेखणारा शब्द उच्चारला नाही. चहा आला, दोघांनी प्यायला. माणसं वाईट वागतात तेव्हा आरडाओरडा होत असेल अशी माझी समजूत होती. तसं काही होत नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी महादेवप्पानं मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जुन्या गोधडीवर निजवलं. महादेवप्पा श्रीपतरावांकडचा ट्रॅक्टर चालवणारा, पन्नाशीचा साधा माणूस. शंभर वर्षांत पहिल्यांदा मी ओढा ओलांडला. गोधडीवर, एकटा.

आळीच्या तोंडाशीच मांडव होता. आंब्याचे टहाळे, रंगीत कागदाच्या पताका, मधोमध माझ्यासाठी बांधलेला नवा कोरा दोर. रेणुकाबाई हातात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. नवं कोरं लुगडं, डोक्यावर पदर; नवरा नसला तरी या घरची यजमानीण तीच. मागं आळीतल्या सगळ्या बाया. भाग्यलक्ष्मी पाटावर बसून मान उंच करून बघत होती.

ट्रॅक्टर थांबला. रेणुकाबाईनं महादेवप्पाच्या मागं पाहिलं, ट्रॉलीत पाहिलं, आलेल्या वाटेकडं पाहिलं.

"अक्का मागनं यायल्यात?"

महादेवप्पानं मान खाली घातली. "न्हाई. मला म्हणले, दिवा टाकून ये. सांजच्याला परत घेऊन ये."

"मालक?"

"कुणीच न्हाई, रेणुकाक्का."

ताटातलं निरांजन जळत होतं. तिनं ते ताट हळूच खाली ठेवलं. मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही.

"सिद्धू," ती म्हणाली, "परत घेऊन जायला सांग. माणूस येत न्हाई तर पितळ कशाला पायजे आपल्याला?"

सिद्धू ट्रॉलीत चढला. त्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता, मला वर टांगायचं म्हणून ठेवलेला. तो माझ्याजवळ बसला आणि त्यानं निळ्या किनारीच्या हंडीचे तीन स्क्रू एकेक करून सोडवले. हंडी काढली, बिदरच्या म्हाताऱ्यानं ओतलेलं कडं काढलं, स्क्रू शर्टाच्या खिशात टाकले. माझ्या बाकीच्या अंगाला त्यानं बोटही लावलं नाही.

"हे माझं हाय," तो महादेवप्पाला म्हणाला. "ऱ्हायलेलं त्यांचं. त्यांचं त्यांना द्या."

मग तो घरात गेला, एक होल्डर आणि वायर घेऊन आला. माझ्यासाठी बांधलेल्या दोराला त्यानं ती एकटी हंडी लावली. बटन दाबलं. भर सकाळी त्या बल्बचा उजेड कुणाला दिसणार? पण निळी किनार उजळलेली ट्रॉलीतून मला स्वच्छ दिसली. तिच्याखाली भाग्यलक्ष्मीला हळद लावली. मी तिच्याकडं बघत होतो. तिनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

महादेवप्पा ट्रॅक्टर वळवायला लागला, तसा रेणुकाबाईनं हात आडवा धरला. "कुठं निघालाव? दिव्यासंगं आलेलं माणूस जेवल्याबगर जात न्हाई."

"म्या तर नुसता डायवर, अक्का."

"आलाव तर तुम्हीच. बसा."

महादेवप्पानं हातपाय धुतले, पानावर बसला, आणि गव्हाची गोड हुग्गी दोनदा मागून घेतली. बळवंतरावांची रीत त्या दिवशी एका ट्रॅक्टर ड्रायव्हरनं पाळली. मी बाहेर उन्हात गोधडीवर पडून होतो. माझ्या अंगावरचं जे माझं नव्हतं, तेवढंच त्या मांडवात पोचलं.

परत आल्यावर माझा रिकामा हात बघून वच्छलाबाई ओरडल्या. श्रीपतरावांनी गावभर सांगितलं की सिद्धूनं दिव्याची काच चोरली, एवढा माज आलाय या लोकांना. ज्या माणसांसमोर शब्द दिला होता, तीच माणसं बैठकीत बसून हळहळली. एकालाही तो शब्द आठवला नाही. मला तोंड असतं तर, असं मी त्या दिवशी मनाशी म्हणालो. आज तुमच्यापुढं बोलतोय ते त्याच रागानं.

रेणुकाबाई आता दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. वच्छलाबाई कधीमधी म्हणतात, तिच्या चटणीची चव दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नाही. त्यांचा आवाज तेव्हा जरा खाली येतो. पण ओढ्याकडं पाय काही वळत नाही.

आणि माझे सुटे भाग शोधणं पुन्हा सुरू झालंय. पुढच्या महिन्यात श्रीपतरावांच्या पुतण्याचं लग्न आहे. बंटीनं माझा फोटो मोबाईलवर चार ग्रुपांत टाकलाय. जुनी दुधी हंडी पाहिजे, गळा सव्वातीन इंची, किनार शक्यतो डाळिंबी. या खेपेस त्यानं गळा नीट मोजलाय. रोज कुणी ना कुणी फोटो पाठवतं, तो माझ्याखाली उभा राहून जुळवून बघतो.

तुमच्या कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या कपाटात तशी हंडी असेल, तर हात जोडून सांगतो, देऊ नका. ती बसली की मी पुन्हा धड दिसायला लागेन, आणि या घरात सगळं ठीक आहे असं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटेल. माझं जे तुटलंय ते काचेचं नाही. मला एक माणूस कमी पडतंय, माझ्याबरोबर ओढा ओलांडून रेणुकाबाईच्या पानावर बसणारं. ते कुठल्या बाजारात मिळत असेल तर तेवढं सांगा. तोवर माझा चौथा हात रिकामाच राहू द्या.